खालचा बाण

मीनाबाईंचा आवाज कॉम्प्युटरात नाही, हे घरात ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी टेबलावरच होतो.

मार्च महिना होता. आदल्या दिवशी मीनाबाईंच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे त्यांना श्रद्धांजली वाहायचा कार्यक्रम झाला होता. पाहुणे आपापल्या गावी गेले होते. भाड्यानं आणलेल्या खुर्च्या अजून दारात एकात एक घालून ठेवलेल्या होत्या. सकाळचा चहा झाल्यावर मीनाबाईंचे पती जयसिंगअण्णा टेबलापाशी आले. त्यांनी स्टूल ओढलं आणि मुलीला हाक मारली.

"दीक्षा, लाव बघू."

"काय लावू, अण्णा?"

"आईचा आवाज. आठ म्हैने बोलली की ह्यात. पयल्यापास्नं लाव. आणि मोठा कर, मला ऐकू येऊ दे."

दीक्षाचा हात माझ्यावर होता. तो तिथंच थांबला.

"अण्णा, ह्यात आवाज नसतो. माणूस बोललं की त्याची अक्षरं होतात. आवाज तो ठेवत नाही."

"म्हंजे?"

"ऐकतो, लिहितो आणि सोडून देतो."

"सगळा?"

"सगळा."

अण्णांनी टेबलावरचा माईक उचलला, उलटसुलट करून बघितला आणि परत ठेवला. मग म्हणाले, "मोबाईलात आसंल." दीक्षानं मोबाईल बघितला. फोटो पुष्कळ होते. आवाज नव्हता. मीनाबाईंनी कधी कुणाला बोलून निरोप पाठवला नव्हता. त्या टाईपिस्ट होत्या. त्या लिहूनच पाठवायच्या. दीक्षाच्या लग्नाची सीडी होती, पण तिच्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत बँड वाजत होता.

अण्णा उठले आणि दारातल्या खुर्च्या मोजायला गेले. त्या त्यांनी आधीच दोनदा मोजल्या होत्या.

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. रंगानं काळा, अंगानं जाड, मागं लांब वायर असलेला. आता असे कीबोर्ड कुणी घेत नाही. माझ्यावरची निम्मी अक्षरं पुसून गेली आहेत. पण मी बिघडलेलो नाही. माझी एकशेचार बटणं आहेत आणि एकशेचारही चालतात. हे मी अभिमानानं सांगतो, कारण त्यात माझ्यापेक्षा माझ्या मालकिणीचं श्रेय जास्त आहे.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतलं आणि मी तयार झालो. ही गोष्ट अण्णांना फार आवडायची. ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. वाळूचा साचा बांधायचा, त्यात लोखंडाचा तापलेला रस ओतायचा, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ते म्हणाले, "मीना, ह्यो बी साच्यातनंच आलाय. आमच्या जातीचाच हाय की!"

"तुमच्या जातीचा असला तर मोठ्यानं वराडंल," मीनाबाई म्हणाल्या.

फौंड्रीत माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. तिथं ओरडून बोलतात, नाहीतर हातानं खुणा करतात. अण्णांची ती सवय घरीही गेली नाही. आणि एकतीस वर्षांच्या आवाजानं त्यांचे कान गेले ते गेलेच. मीनाबाईंचा आवाज मुळातच बारीक. संसारातलं निम्मं बोलणं त्या दोघांनी खुणांवर भागवलं.

शिवाजी पेठेत मीनाबाईंचा छोटा गाळा होता. बाहेर पाटी होती, 'मराठी-इंग्रजी टायपिंग करून मिळेल'. माझ्याआधी तिथं टाईपरायटर होता. त्याच्यावर त्यांनी मराठी टायपिंगची परीक्षा पास केली होती आणि जिल्ह्यात त्यांचा नंबर आला होता. ते सर्टिफिकेट फ्रेम करून त्यांनी भिंतीवर लावलं होतं. मी आलो तेव्हा त्यांनी टाईपरायटरला कापड घातलं, त्याच्या पाया पडल्या आणि मग माझ्यावर बोटं ठेवली. अशी बोटं मी नंतर कुणाची बघितली नाहीत. त्या माझ्याकडं कधी बघत नसत. नजर समोरच्या कागदावर, बोटं माझ्यावर, आणि कान माझ्या आवाजाकडं. बटण चुकलं तर पडद्यावर बघायच्या आधी त्यांना आवाजावरून कळायचं.

वीस वर्षं आम्ही काम केलं. प्रतिज्ञापत्रं लिहिली, भाडेकरार लिहिले, वारसाचे अर्ज, रेशनकार्डाचे अर्ज, लग्नाच्या पत्रिका, श्रद्धांजलीचे फलक. एकदा तर एकाच दिवशी पेठेतल्या दोन तालमींच्या फुटबॉल संघांची पोरं आली. सकाळी एक पार्टी आली. मॅचमधल्या मारामारीबद्दल दुसऱ्या तालमीवर दोन पानी तक्रार लिहून घेऊन गेली. दुपारी दुसरी पार्टी आली. त्यांनी पहिल्या तालमीवर तीन पानं लिहून घेतली. जाताना त्यातला एक जण दारात घुटमळला.

"बाई, सकाळी त्येनी काय लिवलंय तेवढं सांगा की."

"पावणं, ह्या बोटांस्नी तोंड न्हाय," मीनाबाई म्हणाल्या.

"आवो, निदान किती पानं लिवलीत तेवढं तरी!"

"तुमच्यापेक्षा कमी. आता जावा."

ते खूश होऊन गेले.

त्यांचे काही नियम होते. अर्धा झालेला कागद कुणाला दाखवायचा नाही. पूर्ण झाल्यावरच दाखवायचा. टाईप करताना मागं वळून बघायचं नाही. आणि दर शनिवारी गाळा बंद करायच्या आधी मला पुसायचं. त्यासाठी त्यांनी रंगकामाचा एक मऊ ब्रश ठेवला होता. बटणांच्या फटीतली धूळ त्या ब्रशानं काढायच्या आणि मग ओल्या फडक्यानं एकेक बटण पुसायच्या. शेजारचा झेरॉक्सवाला सम्राट हसायचा.

"काकी, कीबोर्ड हाय त्यो, देव न्हाय."

"देव असता तर पुसला नसता," त्या म्हणायच्या. "ह्यो कामाला येतोय."

मला एकदाच इजा झाली. अण्णा डबा द्यायला आले होते आणि त्यांच्या हातून अख्खा चहा माझ्यावर सांडला. मीनाबाईंनी मला उलटा केला, सगळी बटणं काढली, दोन दिवस वाळवलं. मी वाचलो. पण तेव्हापासून उजव्या कोपऱ्यातलं खालच्या बाणाचं बटण दाबलं की करकर वाजतं. बाकीची बटणं टकटक वाजतात, ते तेवढं करकरतं. मीनाबाई म्हणायच्या, "हे तुमचं बटण. तुमच्यासारखंच वाजतंय." हे तुम्ही लक्षात ठेवा. त्या बटणाबद्दल मला पुढं सांगायचं आहे.

मग त्यांच्या हाताला संधिवात झाला. आधी करंगळ्या वाकल्या, मग बाकीची बोटं. मिनिटाला चाळीस शब्द लिहिणारा हात चार शब्दांवर आला. गिऱ्हाईक थांबायचं, घड्याळ बघायचं, काही बोलायचं नाही. ते न बोलणंच मीनाबाईंना लागलं. एका शनिवारी त्यांनी मला पुसलं, वायर गुंडाळली आणि गाळ्याची किल्ली मालकाला परत दिली. कॉम्प्युटर घरी आला, मीही घरी आलो. दीड वर्ष माझ्यावर टॉवेल होता.

त्यांचं माहेर राधानगरीकडच्या एका वाडीत. तिथं एक बुद्धविहार आहे. तो विहार बायकांनी बांधला. पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी वस्तीतल्या प्रत्येक घरातली बाई रोज भात शिजवायच्या आधी एक मूठ तांदूळ बाजूला काढायची. घरात कमी असले तरी काढायची. आठवड्यानं ते तांदूळ एकत्र व्हायचे आणि गवंड्याला आणि मजुरांना त्यातून जेवण व्हायचं. नदीतली वाळू बायकांनीच डोक्यावरून आणली. तीन वर्षांत विहार उभा राहिला. त्याच्या दारात दगड बसवला आणि दगडावर कमिटीच्या पाच पुरुषांची नावं आली. मीनाबाईंची आई चिमणाबाई. तिनं मरेपर्यंत त्या दगडाकडं बघून नाक मुरडलं.

आता त्या विहाराची दुरुस्ती निघाली होती. मीनाबाईंचा मामेभाऊ बुद्धभूषण कमिटीवर होता. तो एकदा घरी आला.

"अक्का, नवा दगड करायचा हाय. बायांची नावं घालूया म्हणतोय. पर मला धा-बारा नावांच्या पुढं येत न्हाईत."

"त्रेपन्न होत्या," मीनाबाई म्हणाल्या.

"तुला म्हाईत हाईत?"

"नावं म्हाईत हाईत. कुणी काय केलं ते बी म्हाईत हाय. राहिलेलं शालूमावशी सांगंल."

"मग लिहून दे की. नावं दगडावर घालू, आणि बाकीच्याचं एक पुस्तक काढू. वैशाख पौर्णिमेला कार्यक्रम हाय."

मीनाबाईंनी आपल्या बोटांकडं बघितलं. बुद्धभूषणनंही बघितलं.

दीक्षा इचलकरंजीला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. पुढच्या रविवारी ती एक छोटा माईक घेऊन आली. तो टेबलावर उभा राहायचा. मला मागं सरकवून तिनं तो माझ्या जागी ठेवला. मित्रांनो, खरं सांगतो, मला तो आवडला नाही. त्याला एकही बटण नव्हतं.

"आई, तू फक्त बोल. तो लिहितो," दीक्षा म्हणाली.

"आणि मी काय करू?"

"बोलायचं."

"तीस वर्षं लोक बोलले आणि मी लिहिलं," मीनाबाई म्हणाल्या. "आता मी बोलू व्हय?"

पहिले काही दिवस त्यांना जमलं नाही. माईकसमोर बसलं की त्या अर्जासारखं बोलायच्या. 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं काहीतरी तोंडातून यायचं. स्वतःच हसायच्या. मग एका सकाळी त्यांनी डोळे मिटले आणि आईबद्दल बोलायला लागल्या. अर्जाच्या भाषेत नाही, आपल्या भाषेत. 'आमची आई मूठ काढायची तवा मी तिची मूठ बघायची. भरल्या घरात बी तेवढीच आणि उपाशी घरात बी तेवढीच. मूठ कधी लहान केली न्हाई तिनं.' पडद्यावर अक्षरं येत गेली. पूर्णविराम नव्हते, मधेच एखादा शब्द चुकत होता, पण येत गेली. मीनाबाईंनी डोळे उघडले, वाचलं, आणि पदरानं चष्मा पुसला.

त्या दिवसापासून रोज सकाळी दहा ते बारा त्या बोलू लागल्या. दिवसाला एक बाई जमली तर एक, नाहीतर तीन-चार दिवसांना एक. नवी बाई, नवं पान. बाळाबाईनं पोर काखेला घेऊन वाळू वाहिली, वाळूची पाटी खाली ठेवली नाही आणि पोरही. झुंबरबाई दुसऱ्या समाजाची, पण शेजारधर्मानं तिनंही मूठ दिली आणि त्यावरून घरी बोलणी खाल्ली. एकेका बाईची अशी एकेक गोष्ट होती. मधेमधे त्या अण्णांबरोबर वाडीला जाऊन शालूमावशीला भेटून यायच्या. शालूबाई तेव्हा त्र्याऐंशी वर्षांची होती आणि त्रेपन्न जणींपैकी तीच एक जिवंत होती.

शेजारच्या संयोगिताबाई खिडकीतून डोकावायच्या.

"वैनी, कुणासंगं बोलालाय एकट्याच?"

"कॉम्प्युटरसंगं."

"त्यो काय म्हणतोय?"

"काय म्हणत न्हाय. म्हणूनच बरं चाललंय."

पण त्यात एक अडचण होती. माईकला काय लिहायचं आणि काय नाही हे कळत नव्हतं. तो सगळंच लिहायचा. एखादीची गोष्ट चालू असताना दारात भाजीवाली आली आणि मीनाबाईंनी तिला हाक मारली, तर तीही हाक पानात जायची. मीनाबाईंना हे फार लाजिरवाणं वाटायचं. ज्या बाईनं आयुष्यात कागदावर एक जादा अक्षर येऊ दिलं नाही, तिच्या पानात भाजीवाली यायची! पण खोडायला बोटं नव्हती. दीक्षाला सांगता येत नव्हतं, कारण अर्धा कागद कुणाला दाखवायचा नाही. म्हणून ते काम अण्णांना दिलं. अण्णा घरचे होते, ते गिऱ्हाईक नव्हते.

दुपारी जेवण झाल्यावर अण्णा माझ्यापुढं बसायचे. मला टेबलावर पुढं ओढायचे. मीनाबाई पलीकडं पलंगावर पडून ओरडून सांगायच्या, "माझी इकडची तिकडची बडबड तेवढी खोडा हं. आणि मग नवं पान करून ठेवा." नवं पान कसं करायचं हे दीक्षानं अण्णांना शिकवलं होतं. खोडायचं कसं हेही शिकवलं होतं.

आता मी तुम्हाला एक गुपित सांगतो. हे फक्त मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

अण्णांनी खोडायचं बटण एकदाही दाबलं नाही.

ते आपलं जाड बोट खालच्या बाणावर ठेवायचे आणि दाबून धरायचे. मी करकरायचो. पडद्यावरच्या ओळी भरभर वर सरकायच्या. पानाचा शेवट आला की ते बोट उचलायचे, नवं पान करायचे आणि ओरडायचे, "झालं!"

"खोडलं का?"

"खोडलं की!"

ते असं का करतात, हे मला कळत नव्हतं. मला वाईटही वाटायचं. माझ्याकडं एकच काम उरलं होतं आणि तेही होत नव्हतं. सकाळी मीनाबाई कोऱ्या पानासमोर बसायच्या आणि मागं वळून बघायचं नाही या नियमानं पुढं बोलायला लागायच्या.

जुलै ते फेब्रुवारी. आठ महिन्यांत बेचाळीस बायका झाल्या. फेब्रुवारीच्या शेवटी मीनाबाईंना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात त्या चार दिवस होत्या. पाचव्या दिवशी त्या गेल्या.

आवाज नाही हे कळल्यानंतर अण्णा पंधरा दिवस टेबलाकडं फिरकले नाहीत. एप्रिलच्या पहिल्या रविवारी बुद्धभूषण आला. दीक्षाही आली होती.

"अण्णा, अक्कानं जेवढं लिहिलंय तेवढं द्या," तो म्हणाला. "बेचाळीस तर बेचाळीस. दगडवाला थांबलाय."

"त्रेपन्न होत्या," अण्णा म्हणाले.

"व्हय, पर आता..."

"त्रेपन्न होत्या."

दीक्षानं कॉम्प्युटर चालू केला. "आधी बघू तरी काय आहे ते. अण्णा रोज साफ करत होते, त्यामुळं फार काम नसेल." तिनं पहिलं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. अण्णांना ऐकू यावं म्हणून ती खूपच मोठ्यानं वाचत होती. चिमणाबाईचं पान झालं. मग दुसरं पान आलं. अर्ध्या ओळीत ती थांबली.

"अण्णा, हे काय आहे? 'आणि मग वाळूची पाटी अवो दूध उतू चाललंय गॅस बंद करा की काय बघालाय माझ्याकडं बंद करा ते वाळूची पाटी तिनं खाली ठेवली न्हाई.'"

बुद्धभूषणला हसू आलं. दीक्षा पुढं वाचू लागली. पुढच्या पानावर भाजीवाली होती. 'मेथी कशी दिलीस गं ताजी हाय का दाखव.' त्याच्या पुढच्या पानावर संयोगिताबाई होत्या. मग 'आवो स्वेटर घाला गारठा हाय.' मग 'ऐकू आलं न्हाय वाटतं, जाऊ दे, मीच देते.' मग एक पान नुसत्या खोकल्यानं तुटलेलं, आणि त्यात मधे 'पानी द्या जरा.'

"तुम्ही खोडत होता ना रोज?" दीक्षानं विचारलं.

"न्हाय."

"मग काय करत होता?"

"खालच्या बाणावर बोट ठिवून बसायचो."

"का?"

अण्णांनी हातानं खूण केली, फौंड्रीत करायचे तशी. दोन्ही तळवे खाली, म्हणजे थांब, हात लावू नको.

"भ्या वाटायचं. साचा एकदा मोडला की परत त्योच व्हत न्हाय. खोडताना एक नाव गेलं आसतं तर? आणि वाचायला मला येळ लागतोय. म्हटलं, सगळं झाल्यावर बसून वाचू. तिचं मला कुठं ऐकू यायचं? वाचलं तर कळंल तरी काय म्हणायची ते."

मग बुद्धभूषण म्हणाला, "अण्णा, पुस्तकात हे घालता यायचं न्हाय. दूध, मेथी... लोक हसतील."

"मग त्याची दुसरी प्रत कर आणि ती साफ कर. ही फाईल हाय तशी ऱ्हाऊ दे."

दीक्षा वाचतच होती. संध्याकाळ होईपर्यंत ती अडतिसाव्या पानावर आली. तिथं शेवंताबाई नावाच्या बाईची गोष्ट अर्धी झाली होती आणि मधे मीनाबाईंनी श्वास घेतला असावा. दीक्षाचा आवाज एकदम बारीक झाला. अण्णा म्हणाले, "मोठ्यानं." तिनं मोठ्यानं वाचलं.

'आमचे हे रोज खोडतो म्हणत्यात पर ह्यांचं बोट खालच्या बाणावर असतंय त्ये करकर वाजतंय की मी तीस वर्षं टाईप केलंय बटण मला आवाजावरनं कळतंय. ऱ्हाऊ दे. ह्यांना वाचायला हुईल. हां तर शेवंताबाई.'

मित्रांनो, मी प्लास्टिकचा आहे. पण त्या क्षणी मला जे वाटलं ते अभिमानाशिवाय दुसरं काही नव्हतं. माझं सगळ्यांत खराब बटण, चहा सांडून बिघडलेलं, त्यांनी पलंगावर पडल्या पडल्या ओळखलं होतं. त्यांना सगळं माहीत होतं. माहीत असूनही त्या रोज ओरडून विचारायच्या, 'खोडलं का?' आणि रोज सकाळी त्याच माईकसमोर बसून मधेच म्हणायच्या, 'आवो, स्वेटर घाला.'

अण्णा हसले. महिन्याभरात पहिल्यांदा हसले. "लबाड हाय," ते म्हणाले. 'होती' असं ते म्हणाले नाहीत. मग त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि दीक्षाला विचारलं, "ब्रश कुठाय गं तिचा?"

ब्रश ड्रॉवरमध्येच होता. अण्णांनी मला पुसलं. त्यांना नीट जमलं नाही. फटीतली धूळ त्यांनी एका फटीतून काढून दुसऱ्या फटीत घातली. तरी मी खूश होतो.

पुढच्या रविवारी अण्णा आणि दीक्षा वाडीला गेले. राहिलेल्या अकरा जणींत शालूबाई स्वतः एक होती. दीक्षानं या वेळी मोबाईल काढून पुढं ठेवला आणि सांगितलं, "आजी, बोला. ह्यात तुमचा आवाज राहतो. मी आधी तपासून घेतलंय."

शालूबाई दीड तास बोलली, पण फक्त स्वतःबद्दल. मग दमली. दीक्षानं घरी आल्यावर ते सगळं लावून दाखवलं. तिच्या बोलण्याचा शेवट असा आहे. "आज एवढंच. बाकीच्यांचं फुडच्या खेपेला. आणि जयसिंग, येताना पेढे आण. मीनी आणायची."

सोमवारी सकाळी दहा वाजता अण्णा टेबलापाशी बसले. त्यांनी माईक पुढं घेतला आणि मलाही शेजारीच ठेवलं. शालूबाईनं सांगितलेलं ते आपल्या तोंडानं सांगू लागले. ते इतक्या मोठ्यानं बोलले की संयोगिताबाई खिडकीत आल्या.

"अण्णा, भांडण झालं काय कुणाचं?"

"लिवालोय!" अण्णा ओरडले.

तेही पानात आलं. 'त्रेचाळीस शालूबाई लिवालोय.' दुपारी त्यांनी बोट खालच्या बाणावर ठेवलं, मी करकरलो, आणि त्यांनी नवं पान केलं. 'झालं' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पलंगाकडं बघितलं, आणि मिटलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं काही असेल तर ते पुसून ठेवा. ते अजून कामाला येतं. आणि तुमच्या घरात बारीक आवाजात बोलणारं कुणी असेल, तर त्यांचा आवाज आजच कशात तरी साठवून ठेवा. तो साठला का, हे लावून बघा. नुसतं समजून चालू नका. आम्ही समजून चाललो. आणि घरातल्या माणसाच्या बोलण्यातली दूध, मेथी आणि स्वेटर खोडायची घाई करू नका.

मी मीनाबाई कांबळ्यांचा कीबोर्ड आहे. माझी एकशेचारही बटणं चालतात. त्रेपन्न बायकांपैकी त्रेचाळीस जणींची पानं झाली आहेत. वैशाख पौर्णिमेला तीन आठवडे उरलेत, आणि दहा जणी अजून लिहायच्या राहिल्या आहेत.